बिनफवारणीची भाजी

१७ ऑक्टोबर

मुकुलचं क्रिएटिनिन ३.६. ऑगस्टमध्ये ३.१ होतं. किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "असंच वाढत राहिलं तर डायलिसिसची तयारी ठेवावी लागेल. आता सगळी भिस्त पथ्यावर." मुकुल मान डोलावत होता, जणू शेजारच्या खुर्चीतल्या माणसाबद्दल चाललंय. मी मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलं, डायलिसिस होऊ द्यायचं नाही.

पथ्य सांगायला आतल्या खोलीत एक चष्मेवाली पोरगी होती. बाहेर अकरा जण ताटकळत होते, आम्हाला मोजून सहा मिनिटं मिळाली. मीठ कमी, डाळ कमी. पालक, टोमॅटो, बटाटा बंद. नारळपाणी बंद. बाकीची भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात दोन तास ठेवायची, मग भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. का ते विचारणार, तेवढ्यात तिने पुढच्याला हाक मारली. विचारायची तशी गरजही नव्हती. हल्ली भाजीवर काय काय फवारतात हे कुणाला माहीत नाही? त्यात सगळ्यात जास्त मारा पालक-टोमॅटोवर. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत काढली, त्यातली नऊ पर्यवेक्षिका म्हणून; मुकुलच्या आजारपणासाठी जूनमध्ये नोकरी सोडली. अर्ध्या वाक्यावरून मला पुढचं कळतं.

नारळपाणी का बंद ते मात्र लागलं नाही. माडांनाही औषधं टोचत असतील.

२२ ऑक्टोबर

दिवाळीचं कळव्याला नणंदेकडे जाऊन आलो. येताना रुळांच्या कडेचे ते हिरवेगार वाफे पुन्हा दिसले. एक माणूस डब्याने पाणी मारत होता. कुठलं पाणी ते देव जाणे. इतकी वर्षं नौपाड्याच्या मंडईतून मी ताजी, लुसलुशीत म्हणून निवडून निवडून भाजी आणत होते. तीच मुकुलच्या अंगात साठली असणार. घरात येऊन पर्स ठेवली आणि सांगून टाकलं, "यापुढे भाजी गॅलरीत होणार."

मुकुल म्हणाला, "कर की. पण ती मुलगी पालक नको म्हणाली होती ना?"

"बाजारचा नको म्हणाली."

"असं म्हणाली?"

"मुकुल, तुझं लक्ष तरी होतं का तिथे?"

त्याचं लक्ष नव्हतंच. भिंतीवरच्या किडनीच्या चित्रात रेषांची जाडी बरोबर आहे की नाही ते बघत होता. वागळे इस्टेटमध्ये जन्मभर ड्रॉइंगं काढली, आता सगळीकडे तेच दिसतं.

२६ ऑक्टोबर

गॅलरी तीन फूट बाय नऊ. ऊन आठ ते साडेअकरा. तिसरा मजला. आमच्या वर्तकनगरात समोर टॉवर झाल्यापासून दुपारचं ऊन गेलंच.

समोरच्या दारातल्या पामेलाला बोलावलं. तिच्या माहेरी बाळकुमला पूर्वी भाजीची शेती होती. तिने माझ्या कुंड्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला. "सुमेधा, ही माती तू दाबून भरली काय? चौथऱ्याचं काम नाय हे. मुळांना हवा कुठून मिळणार?" सगळ्या कुंड्या रिकाम्या करायला लावल्या. नारळाचा भुसा, शेणखत आणि माती एकत्र कालवून दिली, भोकांवर खापऱ्या ठेवल्या. मी मुकाट ऐकलं. मला कुणी शिकवलेलं फारसं आवडत नाही, पण हे मुकुलसाठी आहे. सहा ट्रे पालक, दोन मेथी, टोमॅटोची आठ रोपं.

४ नोव्हेंबर

पालक उगवला होता. आज सकाळी सगळी रोपं आडवी. देठाशी काळी पडून झोपलेली.

गॅलरीत उभी राहून रडले. मुकुलला दिसू दिलं नाही.

५ नोव्हेंबर

पामेलाने विचारलं, पाणी किती वेळा टाकते? म्हटलं, तीनदा. म्हणाली, "तू लाड करून मारलंस त्यांना. मातीत बोट घालायचं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी लागली तरच पाणी."

पुन्हा पेरलं. दहा दिवस गेले फुकट. मला एकेक दिवस मोजून हवा आहे, हे हिला कसं सांगू? डिसेंबरच्या तपासणीपर्यंत त्याच्या पोटात चार घास शुद्ध भाजी जायला हवी. नाहीतर आकडा वर जाणार आणि ते डायलिसिसचं बोलायला लागणार.

१९ नोव्हेंबर

येऊरच्या जंगलातून माकडं उतरली. ग्रिलमधून हात घालून टोमॅटोची दोन रोपं उपटली, एक चावून थुंकलं. मी झाडू घेऊन धावले तर मोठा वानर माझ्यावरच दात विचकून बसला. मुकुलने मला मागे ओढलं आणि काचेचं दार लावून घेतलं. काचेआडून आम्ही दोघं आपल्याच गॅलरीतली लूट बघत उभे.

संध्याकाळी त्याने कागद काढला, मोजमाप घेतलं, ग्रिलला बसेल अशा जाळीचं ड्रॉइंग केलं. प्रत्येक खिळ्याची जागा दाखवलेली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली त्याने. मी चहा नेऊन दिला तरी वर बघितलं नाही. बरं वाटलं.

१२ डिसेंबर

पहिली पालकाची जुडी! केवढीशी, पण आपली.

नुसती स्वच्छ धुतली. भिजवणं नाही, उकळणं नाही. फवारणीच नाही तर पाणी फेकायचं कशाला? सगळं सत्त्व मोरीत घालवायचं? लसणीची फोडणी दिली. दोन महिने तो उकडलेला चोथा खात होता बिचारा. आज भाजीला भाजीची चव होती. मुकुलने दोनदा मागून घेतली. विनीतला बेंगळुरूला ताटाचा फोटो पाठवला. त्याने लिहिलं, "आई, तू ग्रेट आहेस." आहेच.

२२ डिसेंबर

क्रिएटिनिन ३.५!

मी लॅबमधल्या बाकावरच बसले. वाढलं नाही, उलट उतरलं. दहा दिवसांच्या घरच्या भाजीने ही किमया, तर महिन्याभरात काय होईल!

आमचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी असलेल्या तरुण डॉक्टरने पोटॅशियमपुढच्या बारीक बाणावर पेन टेकवलं. ५.६. म्हणाला, "हे थोडं वर आहे, पथ्य बघा." मी म्हटलं, पथ्याच्या बाबतीत आमच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. मग रिक्षात आठवलं. परवा पामेलाने नाताळची गोड कुलकुलं दिली होती आणि मुकुलने चार खाल्ली होती. घरी आल्यावर उरलेली ताटली परत नेऊन दिली. जरा कडक शब्दांतच सांगितलं की यापुढे त्याला काही देत जाऊ नकोस. तिचा चेहरा उतरला. तिचा नवरा अँब्रोज आतून बघत होता. वाईट वाटलं, पण नवरा माझा आहे.

१० जानेवारी

टोमॅटो पिकले. पाच रोपं आणि फळांनी वाकलेली. रोज एक वाटीभर सार करते, कधी दोन. आठवड्यातून चारदा पालक. जास्वंदीच्या कुंडीतली माती उकरून तिथेही पालक टाकलाय.

मुकुल म्हणतो जिना चढताना पाय शिशासारखे होतात. तळमजल्यावरून वर यायला दोनदा थांबला. थंडी आहे, आणि माणूस दिवसभर बसून. फिरत जा म्हटलं.

१८ जानेवारी

आज त्याच्या हातून कप पडला. म्हणाला, बोटांत जोर नाही. बीपीच्या मशीनवर नाडी ५४ आली. बीपी छान होतं. नाडी कमी म्हणजे हृदय शांत, खेळाडूंची तशीच असते.

जेवताना साराची वाटी समोर ठेवली तर हात लावेना. म्हणाला, "सुमे, थोडे दिवस हे बंद ठेवूया का? मला काहीतरी बरं वाटत नाहीये."

माझं डोकंच फिरलं. "तीन महिने मी कुणासाठी मरतेय? नोकरी सोडली, माकडांशी भांडले, माणसं तोडली. आकडा उतरला तो काय आपोआप उतरला? आणि तुला वाटीभर सार जड झालं?"

त्याने वाटी उचलली आणि एका दमात प्यायला. मग वाटी स्वतः धुऊन ठेवली.

आता लिहिताना वाटतंय, इतकं बोलायला नको होतं. पण औषध कडू लागलं म्हणून कुणी सोडतं का?

२१ जानेवारी

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी तो बाथरूममधल्या स्टुलावरून उठेना. "पाय माझे नाहीत" म्हणाला. ओठ पांढरे. मी पामेलाचं दार बडवलं. महिनाभर आम्ही बोललो नव्हतो. ती आणि अँब्रोज तसेच घरातल्या कपड्यांत धावत आले. अँब्रोजने त्याला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, अँब्युलन्सची वाट न बघता गाडीत घातलं.

नाडी ३८. पोटॅशियम ७.४. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू केलंय. आतून आलेला डॉक्टर म्हणाला, "अजून तासभर उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं." असं सहज म्हणाला आणि निघून गेला. पामेला माझा हात धरून जपमाळ ओढतेय. तिला वाटतं मी प्रार्थना करतेय. मी नुसती दाराकडे बघतेय.

देवा, मला काही नको. हा उठून बसू दे.

२३ जानेवारी

धोका टळला. उठून बसलाय. मानेत नळी आहे, पण माझ्याकडे बघून हसला.

आमचे डॉक्टर आले. पलंगाशी उभं राहून विचारलं, "खाण्यात काही बदल? पालक, टोमॅटो, नारळपाणी, फळं?" मी तोंड उघडायच्या आत मुकुल म्हणाला, "नाही डॉक्टर. ही फार काटेकोर आहे." डॉक्टरांनी मान हलवली. "पथ्य पाळून पोटॅशियम इतकं जात असेल, तर किडनीने हात टेकलेत असं समजायचं. मग थांबण्यात अर्थ नाही. मंगळवारी हाताची शीर जोडायचं ऑपरेशन करून घेऊ. त्यानंतर आठवड्यातून तीनदा डायलिसिस." किती दिवस, असं विचारलं. ते म्हणाले, "कायम."

मला वाटलं, घरचा पालक त्यांना कशाला सांगायचा, ते बाजारच्याबद्दल विचारत होते. पण मुकुलने इतक्या घाईने उत्तर का दिलं?

दुपारी ती चष्मेवाली आली. पुन्हा तोच तक्ता, पुन्हा भाजी भिजवा, उकळा, पाणी ओता. या वेळी मी विचारलं, फवारणी नसलेली भाजी असेल तर? तिला प्रश्नच कळेना. "फवारणीचा काय संबंध, काकू? पोटॅशियम भाजीच्या आतच असतं. मुळातून येतं. ते पाण्यात उतरतं म्हणून पाणी फेकायचं. पालक-टोमॅटोत तर इतकं असतं की भिजवूनही पुरत नाही, म्हणून बंद. भाजी शेतातली असो नाहीतर तुमच्या घरातली."

ती पुढच्या पलंगाकडे गेली. मी तक्ता हातात धरून उभी राहिले. मुकुल खिडकीकडे बघत होता.

मी केलं हे. रोज, वाटी वाटी करून, मी केलं.

२४ जानेवारी

विनीत सकाळच्या विमानाने आला. वॉर्डात सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "आई होती म्हणून बाबा वाचले," नर्सला सांगत होता. गॅलरीतल्या भाजीचे फोटो दाखवत होता तिला. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला, म्हटलं, इथे फोन चालत नाही.

सांगायला हवं. पण सांगितलं तर मी या पोराच्या नजरेत कोण उरते?

२५ जानेवारी

विनीत डबा आणायला गेला तेव्हा मुकुलला विचारलं, "तुला कळलं होतं?"

"घरी शंका यायची. इथे आल्यावर कळलं."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले असते."

"आणि घरी? घरी का नाही ठाम बोललास?"

तो अगदी हळू म्हणाला, "सुमे, तुझ्यापुढे बोलायची सोय असते का कधी?"

रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. तो साधं सांगत होता. वर मलाच समजावलं, "आता सांगू नकोस. किडनी आज ना उद्या जाणारच होती. मंगळवारी होऊन जाऊ दे. डायलिसिस करत माणसं वर्षानुवर्षं जगतात."

मी हो म्हणाले. खोटं लिहीत नाही, मी हो म्हणाले आणि क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

२७ जानेवारी

काल दिवसभर गप्प राहिले. फॉर्मवर सही केली. मुकुलच्या डाव्या हातावर स्केचपेनने रेघ काढून गेले, तीही बघितली. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी चार तास, कायम. कशासाठी? सुमेधाबाईंचं कधी चुकत नाही म्हणून.

आज सकाळी साडेसातला त्याला न्यायला माणूस आला. मी ट्रॉलीच्या दांडीला हात लावला आणि म्हटलं, डॉक्टरांना बोलवा, त्याशिवाय हलवायचं नाही. मुकुल म्हणाला, "सुमे, नको." विनीत म्हणाला, "आई, काय चाललंय?" डॉक्टर आले ते वैतागूनच.

मी सांगितलं. पालक आठवड्यातून चारदा, न भिजवता. टोमॅटोचं सार रोज, कधी दोन वाट्या. सगळं मिळून दीड महिना. पथ्य मी पाळलं नाही, मला वाटलं ते फवारणीसाठी आहे. मुकुल नको म्हणाला होता, मी ओरडून पाजलं. आवाज माझाच वाटत नव्हता. नर्स थांबून ऐकत होती, शेजारच्या पलंगावरचे आजोबाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मॅडम, हे तुम्ही मला चार दिवसांनी सांगताय?"

"हो."

"तुम्ही शिकलेल्या बाई आहात."

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ते मुकुलवरही ओरडले, मनसोक्त. मग फाइल मागितली, पानं मागे-पुढे केली, डिसेंबरचा रिपोर्ट बराच वेळ बघितला. शेवटी ट्रॉलीवाल्याला म्हणाले, "परत घे. आज ऑपरेशन नाही." आणि माझ्याकडे वळून, "दोन आठवडे. पथ्य कागदावर लिहिलंय तसं, तुमच्या मनातलं नाही. तरी पोटॅशियम उतरलं नाही तर ऑपरेशन होणार."

विनीत संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी त्याला बोलायला लावलं नाही. रात्रीचा डबा त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "जेव." एवढंच.

१ फेब्रुवारी

मानेतली नळी निघाली, घरी आलो. गॅलरीत टोमॅटो लालबुंद लटकत होते. उपटून फेकायला निघाले होते, तर पामेलाने हात धरला. "झाडाचा काय गुन्हा गं?" म्हणाली. सगळी रोपं तिच्याकडे नेली. कुलकुलांबद्दल माफी मागितली. म्हणाली, "राग तर आला होता मला, आता काय खोटं बोलू?" मग दोघी हसलो, मी जरा जास्तच.

९ फेब्रुवारी

पोटॅशियम ४.९. क्रिएटिनिन ३.८. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सध्या नको. सध्या, असं दोनदा म्हणाले. किती महिने मिळतील ते सांगता येत नाही, थोडं नुकसान झालेलं दिसतंय. ते माझ्या नावावर आहे. ते मी घेऊन जगणार, दुसरा इलाज नाही.

११ फेब्रुवारी

दुपारी मुकुलला दुधीची भाजी वाढली. चिरून, भिजवून, उकळून, पाणी ओतून, चिमूटभर मीठ. दोन घास खाल्ले आणि त्याने ताट पुढे सरकवलं.

"सुमे, मला हे नको."

माझ्या जिभेवर उत्तर आलंच होतं, सबंध, विरामचिन्हांसकट. ते गिळलं. "का रे?"

"चोथा लागतो. आणि सलग चौथा दिवस आहे."

एकतीस वर्षांत त्याने माझ्यासमोरून ताट असं सरकवलं नव्हतं. मला राग आला, खरंच आला. आणि त्याच वेळी इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. तो घाबरून माझ्याकडे बघत होता, आता हिचं काय सुरू होतंय म्हणून.

"बरं," म्हटलं, "मग काय करू ते तू सांग."

तो विचार करत बसला. बराच वेळ. त्याला सवयच नव्हती. मी ताट उचललं, ओटा पुसला, आणि मध्ये बोलायचं नाही म्हणून नळ सोडून उगाच हात धूत राहिले.

"पोहे," तो म्हणाला शेवटी. "पण मी सांगतो तसे. कांदा कमी, पोहे जरा कोरडे."

मला ओलसर आवडतात. तक्त्यात बघितलं, पोहे चालतात. स्टूल ओढून तो ओट्याशी बसला, आणि मी त्याने सांगितले तसे केले.